पडणाऱ्यांची गादी

३ जुलै

प्रिय ठेंगू,

फोनवर तुला काही विचारलं की तू "हो हो, बघतो" म्हणतोस आणि तेवढ्यात मागून बायको हाक मारते. पत्रात तसं करता येत नाही, म्हणून लिहितेय. नीट बसून वाच.

बाण गेला. आमचा सेंटर-फॉरवर्ड. तुझ्या भावोजींनी त्याला एका कारखान्याच्या फुटबॉल संघातून उचलून आणला, तेव्हा आपल्याला डावा पायही आहे हे त्याचं त्याला माहीत नव्हतं. चार वर्षं ह्यांनी त्याला घडवला. गेल्या आठवड्यात निळ्यांनी नेला. निळे म्हणजे तुमच्या पहिल्या डिव्हिजनमधून यंदा आमच्यात घसरलेला क्लब.

मला सांग, हा कुठला न्याय? टीव्हीचा पैसा येतो, त्यातला जवळजवळ सगळा तुमच्या वरच्या वीस क्लबांचा. खाली आम्हाला उरलंसुरलं. तेही एक वेळ सोड, तुमचे सामने जग बघतं. पण जो वरून पडतो त्याला पुढची तीन वर्षं तुम्ही वरचाच पैसा देत राहता, पडताना लागू नये म्हणून. तुमच्या कागदांत त्याला आधार-निधी म्हणतात. आम्ही गादी म्हणतो. अरे, ते गादीवर पडतात खरे, पण गादी आमच्या उरावर टाकलेली असते! त्यांना त्याच पैशाने आमच्याच डिव्हिजनमध्ये आमच्याशी खेळायचं आणि आमचीच पोरं न्यायची. बाणाला ते जे देणार आहेत, त्यात आमचा अख्खा संघ, हे प्रशिक्षक, मी कार्यवाह आणि गवत कापणारा, सगळे वर्षभर जेवतो.

आता मुद्द्याचं. क्लबाचे मालक शेठ म्हणतात, रंगाच्या कारखान्यातून क्लबात आणखी किती ओतू? त्यांचंही चूक नाही. समितीपुढे दोन वाटा आहेत. एक, आपणहून तिसऱ्या डिव्हिजनमध्ये उतरायचं. मुलं दिवसा नोकऱ्या करतील, संध्याकाळी सराव करतील. अब्रू जाईल पण जीव राहील. नाहीतर वरच्यांनी वाटणी बदलेपर्यंत इथेच तग धरायचा. उतरायचा अर्ज महिनाअखेरपर्यंत द्यावा लागतो.

तू पहिल्या डिव्हिजनच्या कचेरीत त्या वाटणीच्याच खात्यात बसतोस. मला आकडे नकोत, गुपितंही नकोत. एवढंच सांग, वाटणी यंदा बदलणार की नाही? "नाही" असेल तर "नाही" लिही. मला राग येणार नाही.

तुझी ताई


१४ जुलै

प्रिय ताई,

बसून वाचलं. मग बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "ताईंना तुमच्या ऑफिसात आणा आणि तुम्ही गवत कापायला जा."

थट्टा सोड. तुला आनंदाची गोष्ट सांगतो. नव्या वाटणीचा मसुदा तयार आहे, आणि तो मी लिहिलाय. तुमच्या डिव्हिजनचा वाटा दुपटीहून जास्त, आणि गादी तीन वर्षांऐवजी एकच वर्ष, तीही पातळ. लिहिताना डोळ्यांपुढे तुमचंच मैदान होतं. छप्पर गळतं म्हणून छत्र्या उघडून बसलेली ती पूर्वेकडची बाजू.

मंजुरीला वीसपैकी चौदा मतं लागतात. आमचे साहेब स्वतः सगळ्यांशी बोललेत. तेरा पक्की आहेत, आणखी दोघं "बघू" म्हणतात. बैठक सप्टेंबरात. काल मी साहेबांना सरळच विचारलं, "होईल ना सर?" त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "व्हायलाच हवं."

ताई, उतरू नका. उतरणं एका सहीचं काम, पण परत वर चढण्यात भावोजींचं उरलेलं आयुष्य जाईल. आणि इथे सप्टेंबरात निकाल लागायचाय. दोन महिन्यांसाठी घर विकू नये.

"नाही" असेल तर "नाही" लिही म्हणालीस. मी "हो" लिहितोय.

तुझा
ठेंगू (बायको म्हणते, सहा फुटी माणसाने अशी सही करू नये)


४ ऑगस्ट

प्रिय ठेंगू,

तुझं "हो" समितीला वाचून दाखवायचं नाही असं मी ठरवलं होतं. घरातलं पत्र, चारचौघांत कशाला? पण बैठकीत शेठ म्हणाले, "वाटणी बदलणार, बदलणार असं दहा वर्षं ऐकतोय. यंदा होईल असं म्हणतंय तरी कोण?"

हे ताडकन उभे राहिले. "माझा मेव्हणा म्हणतो."

"मेव्हणा कोण?"

"मसुदा लिहिणारा."

शेठ हसायला लागले. "मग प्रश्नच मिटला. मेव्हण्याचा शब्द म्हणजे बायकोचाच शब्द. मोडायची सोय नाही!" सगळे हसले आणि हसता हसताच हात वर झाले. उतरायचा अर्ज लिहून तयार होता, तो मी फाडला. महिनाअखेर गेली. आता आम्ही आहोत तिथेच आहोत.

आणखी एक सांगते. आमचा कप्तान, गोलरक्षक, त्याला सगळे भिंत म्हणतात. चौतिशीचा आहे. त्याला दुसरीकडून दोन वर्षांचा करार आला होता. या वयात दोन वर्षं म्हणजे लॉटरीच. तो माझ्याकडे आला आणि दारातच उभा राहिला. एवढा धिप्पाड माणूस, पण विचारायला लाजत होता. म्हणाला, "ताई, क्लब राहील ना? बायकोला इथल्या दवाखान्यात नोकरी लागलीये. मुलगी शाळेत रमलीये. तुम्ही राहा म्हणालात तर राहतो."

मी राहा म्हणाले.

तुला हे दडपण यावं म्हणून लिहीत नाही. आनंद झाला म्हणून लिहितेय. खूप दिवसांनी आमच्याकडे लोक पुढच्या वर्षाबद्दल बोलताहेत. ह्यांनी तर बाणाच्या जागी कुणाला खेळवायचं यावर तीन रात्री झोपेत भाषणं केली.

बैठक झाली की लगेच लिही.

ताई


२६ सप्टेंबर

प्रिय ताई,

विरोधात कुणीच नव्हतं. हे आधी सांगतो, कारण बैठकीत बसून सगळं ऐकलं, तरी मला ते अजून कळलेलं नाही.

लांबलचक टेबल, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली, भिंतीला लागून आमच्यासारख्यांच्या खुर्च्या. पहिले उठले ते म्हणाले, "तत्त्वतः आम्ही पूर्णपणे सहमत आहोत." दुसरे म्हणाले, खालचे क्लब जगले पाहिजेत, टिकले पाहिजेत, पण आधी त्यांनी खर्चाला लगाम घालावा. तिसरे म्हणाले, लगाम कसला घालतील, गादीवाले बाजारभाव वाढवून ठेवतात, आधी गादीचं बघा. त्यावर शेवटून दुसऱ्या नंबरावर असलेल्या क्लबाचे अध्यक्ष अक्षरशः हात जोडून म्हणाले, "गादी काढा हो, जरूर काढा. फक्त पुढच्या वर्षी काढा. यंदा आम्ही काठावर आहोत." लोक हसले. ते हसत नव्हते.

मग जेवण झालं. जेवणानंतर तिघांना विमान गाठायचं होतं. मत झालंच नाही. विषय नोव्हेंबरअखेरच्या बैठकीवर ढकलला.

तुमच्या डिव्हिजनचा प्रतिनिधी सकाळपासून दाराबाहेर बसला होता. त्याला आत बोलवायचं ठरलं होतं, ते राहूनच गेलं. मी बाहेर आलो तेव्हा त्याने विचारलं, "काही निरोप?" मी म्हटलं, "चर्चा चांगली झाली." तोंडातून निघून गेलं.

पण ताई, "नाही" कुणीच म्हटलेलं नाही, हेही खरं. नोव्हेंबरपर्यंत कळ काढा. संघ कसा खेळतोय? शेठ पगार वेळेवर देताहेत ना?

ठेंगू


२० ऑक्टोबर

प्रिय ठेंगू,

आज दुसरं काही विचारू नकोस. आज आम्ही निळ्यांना हरवलं!

एक-शून्य. गोल कुणी केला माहीत आहे? आमच्या डाव्या बॅकने. त्याने जन्मात कधी गोल केला नव्हता. कॉर्नरवर चेंडू त्याच्या पाठीला लागला आणि आत गेला. तो दुसऱ्याच दिशेला बघत होता. लोकांनी आरडाओरडा केला तेव्हा हा घाबरला, म्हणाला "काय झालं?" भिंतीने शेवटची वीस मिनिटं अंगावर घेतली. एकदा तर चेंडू तोंडाने अडवला. तुझे भावोजी सामना संपल्यावर खेळाडूंकडे न जाता आधी गवत कापणाऱ्याकडे गेले आणि त्याला मिठी मारली. का, ते त्यांनाही सांगता येत नाही.

आणि बाण. तो खेळलाच नाही, ठेंगू. निळ्यांनी त्याला बाकावर बसवला होता. त्यांच्याकडे त्याच्या जागेला आणखी तिघं आहेत. तिकडे गेल्यापासून चारदा मैदानात उतरलाय, तेही शेवटच्या दहा मिनिटांसाठी. सामन्यानंतर सवयीने माझ्या ऑफिसात आला. अंगात त्यांचं महागडं जाकीट. खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "चहा आहे?"

मी म्हटलं, "तुझ्या क्लबात चहा नाही मिळत?"

"सगळं मिळतं, ताई. फक्त खेळायला मिळत नाही."

"मग तुला नेला कशाला?"

"दुसऱ्या कुणाला मिळू नये म्हणून असेल," असं म्हणाला आणि हसला. मला ते हसू बघवेना. मी साखर आणायच्या निमित्ताने बाहेर गेले.

शेठचं विचारलंस. सगळं ठीक आहे. थोडं पुढेमागे होतं, ते व्हायचंच. धुलाईयंत्र बिघडलंय म्हणून संघाचे कपडे सध्या घरी धुते. गच्चीवर अकरा शर्ट वाळत असले की घर भरल्यासारखं वाटतं. हे सकाळचे बाहेर असतात, दुपारी सरावाला येतात. तब्येत बरी आहे.

नोव्हेंबरची वाट बघतोय.

ताई


१ डिसेंबर

प्रिय ताई,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहितोय.

नोव्हेंबरच्या बैठकीत विषय निघाला आणि पाच मिनिटांत मिटला. "पुढच्या हंगामात सर्वंकष विचार." बैठक सुटल्यावर मी साहेबांच्या मागे कॅन्टीनपर्यंत गेलो. म्हटलं, "सर, तेरा पक्के होते ना?"

ते म्हणाले, "पक्के होते, चर्चेला."

"आणि मताला?"

त्यांनी ताट खाली ठेवलं. माणूस वाईट नाही, ताई. मला मुलासारखं वागवतो. म्हणाला, "मताला सात होते. मे महिन्यापासून सातच आहेत. हे बघ, आपण वाटणीवर बोलत नाही असं दिसलं, तर सरकार मध्ये पडेल आणि बाहेरचा माणूस आणून बसवेल. बोलत राहिलो तर कुणी मध्ये पडत नाही. तुझा मसुदा उत्तम होता. त्याच्यावर आपण वर्षभर बोलू शकलो."

मी म्हटलं, "लोकांनी त्याच्यावर भरवसा ठेवला, सर."

ते म्हणाले, "कोणत्या लोकांनी?"

मला तुमचं नाव घेता आलं नाही. तुला मी पत्र लिहितो हे इथे कुणाला माहीत नाही. त्यांनी माझ्या ताटात त्यांची पोळी ठेवली आणि म्हणाले, "जेव."

जुलैमध्ये मी तुला खोटं लिहिलं नव्हतं. मला खरंच तसं वाटत होतं. पण खांद्यावर ठेवलेला हात मी मत म्हणून मोजला, आणि तुला कळवला. आता उतरता येत नाही हे मला माहीत आहे, तरी विचारतो, काही वाट आहे का? मी येऊ का? भावोजी काय म्हणाले? मला बोल, ताई. वाट्टेल ते बोल.

ठेंगू


१९ डिसेंबर

ठेंगू,

येऊ नकोस. येऊन बसशील कुठे? ऑफिसला कुलूप आहे.

तुला मी ऑक्टोबरात सगळं ठीक लिहिलं, ते ठीक नव्हतं. मला ऑगस्टपासून पगार नाही, मुलांना ऑक्टोबरपासून. हे रोज सकाळी एका दुकानाचं सामान पोचवणारी गाडी चालवतात. तू काळजी करशील म्हणून लिहिलं नाही.

तुझं पत्र आलं त्या शनिवारी बाहेरगावी सामना होता. बसवाल्याने गाडी पाठवली नाही, मागचं भाडं थकलेलं. मुलं आपापल्या गाड्यांतून निघाली. एक गाडी वाटेत बंद पडली. मैदानावर नऊजण पोचले. नवांनी खेळून पाच गोल खाल्ले. भिंत प्रत्येक गोलनंतर चेंडू जाळीतून काढून स्वतः मधल्या वर्तुळापर्यंत नेऊन ठेवत होता, म्हणजे पोरांना चालायला नको. सामना संपल्यावर समोरच्या क्लबाने आम्हाला परतीच्या पेट्रोलचे पैसे दिले. त्यांच्याकडेही नसतील.

सोमवारी शेठनी किल्ल्या क्लबाच्या दिवाळखोरीसाठी कोर्टाने नेमलेल्या माणसाकडे दिल्या. रडत होते. मी त्यांच्यावर ओरडायचं ठरवून गेले होते, आणि त्यांना पाणी देऊन आले. बुधवारी डिव्हिजनने आम्हाला स्पर्धेतून काढलं.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, "त्याला लिही, जेवत जा."

ताई


१२ जानेवारी

प्रिय ताई,

गुणतक्ता बघितलास का? बघितला नसलास तर बघू नकोस. पण तुला कुणीतरी सांगणारच, त्यापेक्षा मी सांगतो.

नियम असा आहे की हंगामाच्या मध्येच क्लब बाद झाला, तर त्याचे सगळे सामने झालेच नाहीत असं धरायचं. तुमचे सगळे सामने पुसले. ज्यांनी तुम्हाला हरवलं त्यांचे गुण गेले. ज्यांना तुम्ही हरवलंत त्यांची हार गेली. निळे हरलेच होते, त्यामुळे त्यांचे गुण गेले नाहीत, त्यांच्या पुढच्यांचे गेले, म्हणून ते दोन जागा वर सरकलेत. आता ते थेट परत वर येण्याच्या जागेवर आहेत. आले तर त्यांची गादीही बंद होईल, म्हणून आमच्याकडे हिशेबनीस खूश आहेत. हे मी ऑफिसात ऐकलं.

त्या डाव्या बॅकने गोल केलाच नाही, असं आता कागदावर आहे.

मी राजीनामा लिहिलाय. खिशात घेऊन फिरतोय. बायको म्हणते, ताईला विचार. नव्या हंगामासाठी साहेबांनी मला नवा मसुदा लिहायला सांगितलाय. ताई, मी तो कसा लिहू? मला माहीत आहे तो कशासाठी आहे.

भिंतीचं काय झालं? मी त्याला कधी पाहिलेलं नाही, पण रोज आठवतो.

ठेंगू


८ फेब्रुवारी

प्रिय ठेंगू,

राजीनामा फाड. तू गेलास तर तिथे कुणीतरी दुसरा बसेल आणि तोही मसुदाच लिहील, फक्त त्याला आमचं मैदान माहीत नसेल. त्याने काही फरक पडेल असं मी म्हणत नाही. फरक पडायचा असता तर तुझ्यानेच पडला असता. पण तुझं घर चालतं आणि तिथे आपला एक माणूस आहे एवढं तरी राहू दे. नवा मसुदा लिही. चांगला लिही.

आणि "मला बोल, मला बोल" म्हणतोस, तर ऐक. मी म्हटलं होतं ना, "नाही" असेल तर "नाही" लिही, राग येणार नाही? ते खरं नव्हतं. तू "नाही" लिहिलं असतंस, तर मी आणखी कुणालातरी गाठून विचारलं असतं. कुणी "हो" म्हणेपर्यंत विचारत राहिले असते. तुझं "हो" हवंच होतं मला. तेव्हा सगळा भार एकट्याच्या डोक्यावर घेऊन फिरू नकोस.

भिंतीला आता कुणी घेत नाही. हंगामाच्या मध्ये चौतीस वर्षांचा गोलरक्षक कोण घेणार? ती दोन वर्षांची जागा भरली. तो सध्या बायकोच्या दवाखान्यात रात्रपाळीचा रखवालदार आहे. त्याची बायको मला रस्त्यात भेटली. मला वाटलं तोंड फिरवेल. तिने उलट माझ्या हातातली पिशवी घेतली आणि घरापर्यंत आणून दिली. तोंड फिरवलं असतं तर बरं वाटलं असतं.

शनिवारी दुपारी अजून काही लोक मैदानाच्या फाटकाबाहेर येऊन उभे राहतात, असं गवत कापणारा सांगतो. गवत आता कुणी कापत नाही, पण तोही जातो. मी गेलेली नाही.

आता ह्यांचं सांगते. ह्यांना काम लागलं. गावोगाव फिरून मुलांचे सामने बघायचे आणि चांगली मुलं हेरायची. पगार वेळेवर होतो, गाडीभाडं मिळतं, थंडीसाठी जाकीट मिळतं. बाणाने शब्द टाकला म्हणून काम मिळालं. काम निळ्यांचं आहे.

हे आठवडाभर हो-नाही करत होते. शेवटी मीच म्हटलं, "घ्या. मुलं हेरायची एवढंच येतं तुम्हाला, आणि ते तुमच्याइतकं कुणाला येत नाही." तर म्हणाले, "कुठल्या क्लबांतून उचलायची, ते विचारलंस का?" मी नाही विचारलं. मला माहीत होतं. आमच्यासारख्याच लहान क्लबांतून.

पहिल्या दिवशी सकाळी जाकीट घालून आरशापुढे उभे राहिले. मग काढलं, उलटं केलं, अस्तराची बाजू बाहेर घेऊन घातलं आणि निघाले. मी खिडकीतून बघत होते. बसथांब्यावर उलटंच होतं. बस आली, आत चढले, मग मला दिसले नाहीत. संध्याकाळी परत आले तेव्हाही उलटंच. रोज असं चाललंय.

काल सकाळी फार गारठा होता. मी म्हटलं, "अहो, सुलट घाला ना. अस्तर आतून असलं तर ऊब लागते."

"बरं," म्हणाले.

आणि उलटंच घालून गेले.

तुझी ताई